पंक्तिप्रपंच

आपल्या भाषेत 'पंक्तिप्रपंच' असा एक शब्द आहे. एकाच पंगतीस बसलेल्या दोघांना यजमानाने निरनिराळे वाढावे, एकाच्या भातावर तुपाची धार धरावी आणि दुसऱ्याच्या पानावरून तुपाचे भांडे नुसतेच पुढे न्यावे, याला आपण पंक्तिप्रपंच म्हणतो आणि त्याची गणना पापात करतो. परंतु त्याच पंगतीत बसलेल्या दंतहीन आजोबांना कोणी मऊ भात कालवून दिला, अथवा तिखट न सोसणाऱ्या लेकराच्या पानावर निराळे वरण वाढले, तर तेथे हा शब्द कोणाच्याही तोंडी येत नाही. उलट आजोबांच्या पानावर कडक चकली ठेवून 'आम्ही सर्वांना सारखेच वाढले' असे सांगणाऱ्या यजमानाला आपण अडाणी म्हणू, आणि तो अडाणी नसेल तर निर्दय म्हणू. शब्दाचा वापर आपण कधी चुकत नाही. परंतु या दोन प्रकारच्या निराळ्या वाढण्यांत भेद करावयाचा तो कोणत्या तत्त्वावर, असे कोणी विचारले तर आपल्याला क्षणभर थांबावे लागते.

प्राथमिक शाळेच्या वर्गात हाच प्रश्न आज निराळ्या वेषाने उभा आहे. ज्याला दिसत नाही, जिला ऐकू येत नाही, ज्याच्या डोळ्यांपुढे अक्षरे जागच्या जागी राहत नाहीत, ज्याला पाच मिनिटे एका ठिकाणी बसवत नाही, किंवा जिला एखादी गोष्ट समजण्यास इतरांहून अधिक वेळ लागतो, अशी मुले पूर्वी शाळेच्या दाराशीच अडविली जात. पुढे त्यांच्यासाठी निराळ्या शाळा निघाल्या. त्यानंतर सर्वसाधारण शाळेतच त्यांच्यासाठी एक निराळी खोली आली. सरकारी परिभाषेत तिला 'संसाधन कक्ष' म्हणतात. आणि आता ही खोलीही नको, मुलाने आपल्या वयाच्या वर्गातच बसावे आणि द्यावयाची ती मदत तेथेच द्यावी, असे म्हटले जात आहे. मौज अशी की, यांतील प्रत्येक पायरीवर उभा असलेला मनुष्य समतेचीच साक्ष काढतो. निराळी शाळा काढणारा म्हणतो, या मुलांनाही शिक्षण मिळाले पाहिजे. निराळी खोली बांधणारा म्हणतो, तीही त्याच छपराखाली आली पाहिजेत. आणि खोली मोडावयास निघालेला म्हणतो की, एकाच घरात दोन पंगती मांडणे हाच मुळी पंक्तिप्रपंच आहे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण सरकारी सेवेच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर राहतात. कोणी जिल्ह्याचा कारभार पाहतो, कोणी रेल्वेत आहे, कोणी हिशेबतपासणीच्या खात्यात. त्यांतील अनेकांना आपल्या हुद्द्यामुळे एखाद्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर बसावे लागते. केंद्रीय विद्यालयांच्या समित्यांचे अध्यक्षपद तर बहुधा अशाच अधिकाऱ्यांकडे येते. तेव्हा हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने आरामखुर्चीतील तत्त्वचर्चेचा नाही. त्यावर त्यांना सही करावी लागते.

आणि या वाचकांना विशेष तरतूद म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज इतरांहून कमी आहे, असे आम्हांस वाटते. साताऱ्याच्या शाळेत हुशार म्हणून गणलेला मुलगा वडिलांच्या बदलीमुळे एकाएकी लखनौच्या तिसरीत येऊन बसतो. लिपी त्याच्या ओळखीची असते, आणि म्हणूनच त्याची फसगत अधिक होते. त्याच्या भाषेत तीन लिंगे, नव्या भाषेत दोन. काल नपुंसकलिंगी असलेले 'पुस्तक' आज स्त्रीलिंगी झालेले असते. त्याने तोंड उघडले की वर्ग हसतो, म्हणून तो तोंड उघडेनासा होतो, आणि सहामाहीच्या प्रगतिपुस्तकावर 'मंद' या अर्थाचा काही शेरा येतो. मुलाच्या बुद्धीत साताऱ्याहून लखनौपर्यंतच्या प्रवासात काहीही घट झालेली नसते. शाळा ज्या मापाने बांधलेली आहे ते माप बदलले, एवढेच घडलेले असते.

ही अडचण सरकारने ओळखली होती. बदलीस पात्र असलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांचे शिक्षण वारंवार खंडित होते, म्हणून दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून १९६२ साली एक योजना मंजूर झाली, आणि १९६३ पासून सैन्याच्या ठाण्यांतील २० शाळा हाती घेऊन तिचा आरंभ झाला. आज त्या केंद्रीय विद्यालयांची संख्या बाराशेंहून अधिक आहे. देशभर एकच अभ्यासक्रम, एकच माध्यमपद्धती, वर्षाच्या मध्येही प्रवेशाची सोय: हे सारे एका विशिष्ट वर्गातील मुलांच्या विशिष्ट गरजेसाठी केलेले शिक्षण नव्हे तर काय? तरीही त्या शाळेच्या दारावर 'विशेष गरजा असलेल्या मुलांची शाळा' अशी पाटी कोणी लावली नाही. तेथील मुलाच्या पाठीवर हात ठेवून कोणी 'बिचारा' म्हटले नाही. सोय झाली ती न्याय्य म्हणूनच झाली आणि न्याय्य म्हणूनच घेतली गेली. मग वर्गातील फळा न दिसणाऱ्या मुलासाठी फळ्यावरचे मोठ्याने वाचून दाखविणे याला आपण दया का म्हणतो, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवतो. दोहोंत अंतर असेल तर ते सोय मागणाऱ्याच्या हुद्द्याचे असावे, अशी आम्हांस शंका आहे.

या विषयात ज्यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही त्या मेरी वॉर्नॉक या व्यवसायाने तत्त्वज्ञ होत्या, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर अपंग मुलांची खात्याने ठरविलेल्या प्रकारांत वर्गवारी होत असे, आणि त्यातूनही काहींना शिकविण्यास अयोग्य ठरवून शिक्षणखात्याच्या कक्षेबाहेरच ठेवले जाई. १९७० च्या कायद्याने ही शेवटची मुले शिक्षणखात्याकडे आली. पुढे वॉर्नॉकबाईंच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७८ साली अहवाल दिला. त्यातील मुख्य कल्पना वरवर साधी होती. 'हे मूल कोणत्या प्रकारात मोडते?' असे विचारू नका. 'याला शिकण्यासाठी काय लागेल?' असे विचारा. असे विचारले की विशेष मुले आणि साधी मुले यांमधील भिंत आपोआप विरघळू लागते, कारण शाळेच्या आयुष्यात केव्हा ना केव्हा पाचांपैकी एका मुलाला काहीतरी जादा मदत लागते, असा समितीचा अंदाज होता. शिक्षणाचे ध्येय सर्वांना एकच. त्या वाटेवर कोणाला किती अडथळे, एवढाच फरक.

परंतु वॉर्नॉकबाईंची गोष्ट येथेच संपत नाही, आणि तिचा उत्तरार्ध आम्हांस पूर्वार्धाहून अधिक मोलाचा वाटतो. २००५ साली, वयाच्या ऐंशीनंतर, त्यांनी एक पुस्तिका लिहून आपल्याच विचारसरणीतून निघालेल्या व्यवस्थेचे कठोर परीक्षण केले. सर्व मुलांना एका छपराखाली आणणे हेच ध्येय मानल्यामुळे काही मुलांचे हाल झाले, असे त्यांनी लिहिले. एखादे मूल सामावले गेले की नाही हे ते कोणत्या इमारतीत बसते यावरून ठरत नाही. आपण शिकण्याच्या कामात सहभागी आहोत असे त्याला वाटते की नाही, यावरून ठरते. त्यासाठी काहींना लहान, निराळी शाळाच बरी. या पुस्तिकेवर मोठा वाद झाला, आणि तो व्हावयासच हवा होता. खोली मोडणाऱ्यांना ती प्रतिगामी वाटली. खोली टिकवू पाहणाऱ्यांनी तिचा उपयोग ढालीसारखा केला. आणि निम्म्या लोकांनी ती ज्या कारणासाठी उचलून धरली ते कारण तिच्यात नव्हते.

आपल्या देशातील इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने (त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूरकडचे) अपंग मुलांचे शिक्षण हा सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचाच अविभाज्य भाग मानावा, असे सांगितले. १९७४ साली केंद्राने त्यासाठी योजना आखली. १९९४ साली स्पेनमधील सालामांका येथे ९२ देशांच्या प्रतिनिधींनी सर्वसाधारण शाळेचा पुरस्कार करणारे निवेदन काढले. शिक्षणहक्काचा कायदा २०१० पासून अमलात आला, आणि २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. या शेवटच्या कायद्यात एक व्याख्या आहे, तिच्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. दिव्यांग व्यक्तीला वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच होय, असे तिच्यात म्हटले आहे. आजोबांच्या पानावर मऊ भात न वाढणे हाच पंक्तिप्रपंच, असे कायद्याने प्रथमच इतक्या स्वच्छपणे सांगितले. शब्द कायद्याचे, पण ही समज आपल्या स्वयंपाकघरात फार जुनी आहे.

येथवर तत्त्व सोपे होते. आता कठीण भागाकडे वळू.

कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. निराळी खोली मोडावी असे म्हणणारे पुष्कळदा अशाच उदाहरणांचा आधार घेतात, आणि त्या आधाराचे नैतिक बळ मोठे आहे. निराळी पंगत म्हणजे काय, हे महाराष्ट्राला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. परंतु दोन गोष्टींतील अंतर विसरून चालणार नाही. जातीमुळे मुलांत मानला गेलेला भेद माणसाने रचलेला होता. शाळेच्या दाराशी उभ्या असलेल्या त्या मुलाच्या कानांत, डोळ्यांत, बुद्धीत इतर मुलांहून काहीएक निराळे नव्हते. तेथे अन्याय दाराचा होता, आणि दार उघडणे हा त्यावरील उपायाचा फार मोठा भाग होता. ज्या मुलीला ऐकू येत नाही तिच्यासाठी दार सताड उघडले, तिला पहिल्या बाकावर बसविले, आणि गुरुजींनी नेहमीप्रमाणे फळ्याकडे तोंड करून शिकविण्यास आरंभ केला, तर तिच्या दृष्टीने दार अजून बंदच आहे. किंबहुना ते अधिक पक्के बंद झाले आहे, कारण आता 'तिला प्रवेश नाही' अशी तक्रारही करता येत नाही.

याच्या उलट टोकाचे एक उदाहरण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे. १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले शाळेत येत नाहीत, म्हणून त्यांनी शाळा वस्तीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तेथून निघून आज देशभर झाला आहे. पण थोडी मोठी मुले अंगणातही सापडत ना, कारण ती गुरांमागे रानात गेलेली असत. तेव्हा शाळा त्यांच्यामागून कुरणात गेली आणि तिला कुरणशाळा हे नाव मिळाले. अपंगत्वाशी या गोष्टीचा प्रत्यक्ष संबंध नाही. तथापि बदलाचा भार मुलाने उचलावयाचा की शाळेने, या प्रश्नाचे इतके स्पष्ट उत्तर आम्हांस अन्यत्र आढळलेले नाही. गुरे सोडून ये, असे मुलाला सांगणे सोपे होते आणि ते वावगेही दिसले नसते.

गेली काही वर्षे आमचे वास्तव्य ज्या हिंदीभाषी शहरात आहे, तेथील एका प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीवर बसण्याचा आम्हांस योग आला. तेथे पाण्याच्या टाकीशेजारी, व्हरांड्याच्या टोकाला अशी एक खोली होती. पहिली ते पाचवीमधील नऊ मुले सकाळी आपापल्या वर्गात हजेरी देऊन तेथे जात आणि मधल्या सुट्टीपर्यंत तेथेच बसत. वर्गशिक्षिकांना ती मुले हजेरीपटावरील नावांपुरती ठाऊक होती. खोलीसाठी एक प्रशिक्षित विशेष शिक्षिका होत्या. परंतु कोणी शिक्षक रजेवर गेला की त्याचे तास त्यांनाच घ्यावे लागत, आणि मतदारयाद्यांच्या कामासाठी शाळेतून एक नाव कळवावयाचे झाले की तेही त्यांचेच कळविले जाई. हे हुकूम कोणाच्या सहीने निघतात, ते आमच्या वाचकांना सांगावयास नको. प्राथमिक शाळेत अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली घालून दिले. कागदावर ही शाळा त्या प्रमाणात बसत होती.

नव्या मुख्याध्यापिकाबाईंनी खोली बंद करून मुलांना वर्गात बसविण्याची आणि विशेष शिक्षिकेने वर्गावर्गांत जाऊन मदत करण्याची सूचना मांडली. तिला आलेले आक्षेप नमूद करण्यासारखे आहेत.

हिशेबखात्यातील एका पालकांनी गणित मांडले. चाळीस मुलांच्या वर्गात एका मुलासाठी दहा मिनिटे गेली, तर उरलेल्या एकोणचाळीस मुलांची मिळून ३९० मिनिटे गेली. म्हणजे साडेसहा तास. हे गणित बरोबर आहे, आणि तरीही त्यात दोन खोटी आहेत. पहिली ही की, ते कधी मांडावयाचे याची निवड आपण आधीच केलेली असते. पाहुण्यांची गाडी उशिरा येते म्हणून सातशे मुले उन्हात उभी राहतात, तेव्हा मिनिटांचा असा गुणाकार कोणी करीत नाही. चुणचुणीत मुलाच्या शंकेसाठी दहा मिनिटे गेली तर त्याला आपण उत्तम अध्यापन म्हणतो. दुसरी खोट अधिक खोल आहे. ते साडेसहा तास कोणाचेच गेलेले नसतात. एकेका मुलाची दहा मिनिटे गेलेली असतात, आणि ती दहा मिनिटे एकोणचाळीस जणांकडून घेऊन बेरजेत टाकली की ज्याचे सारे वर्ष जात आहे तो मुलगा त्या बेरजेमागे दिसेनासा होतो. सुखदुःखांची बेरीज करून धोरण ठरविण्याची सवय कारभारी माणसाला लागतेच. ती पुष्कळ ठिकाणी उपयोगीही असते. येथे मात्र ती सवय बेरजेत बसवता न येणारी गोष्ट नजरेआड करते.

सूचनेच्या बाजूने बोलणारे एक सभासद म्हणाले की, अशी मुले वर्गात असल्याने इतर मुलांच्या मनात सहानुभूती निर्माण होते, त्यांच्यावर चांगले संस्कार होतात. हा युक्तिवाद आज सर्वत्र ऐकू येतो. तो खराही असेल. परंतु या गोष्टीचे समर्थन म्हणून तो आम्हांस यत्किंचितही पसंत नाही. पायात लोखंडी पट्टी बांधून जिना चढणारा सात वर्षांचा मुलगा इतरांच्या नीतिशिक्षणाचे साधन म्हणून शाळेत येत नाही. तो बेरीज-वजाबाकी शिकावयास येतो. त्याच्यामुळे कोणाचे हृदय द्रवलेच तर द्रवो. पण उद्या कोणाचेही हृदय न द्रवल्यास त्याचा वर्गातील हक्क कमी होणार आहे काय?

सर्वांत जड आक्षेप एका आईचा होता. तिचा मुलगा तिसरीत; तो सावकाश बोलतो आणि त्याहून सावकाश लिहितो. ती म्हणाली, "त्या खोलीत त्याला कोणी हसत नाही. तुम्ही त्याला वर्गात नेऊन बसवणार. हसणाऱ्यांचे काय करणार, ते मला आधी सांगा." बैठकीत यावर कोणी लगेच बोलले नाही. समतेच्या तत्त्वाने खोली मोडावयास निघालेल्या मंडळींपुढे ही बाई एक साधी गोष्ट मांडत होती: तत्त्व तुमचे, आणि त्याची किंमत मात्र माझा मुलगा मोजणार. वॉर्नॉकबाईंच्या पुस्तिकेतील चिंता हीच होती. कोणत्याही सुधारणेत पहिला धक्का कोण सोसणार, हे बहुधा सुधारक ठरवितात, आणि सोसणारा बहुधा बैठकीत नसतो. या बैठकीत निदान ती आई होती.

तिच्या प्रश्नामुळेच त्या दिवशी खोली बंद झाली नाही. ठरले ते असे की, एक वर्ष खोली ठेवावी, पण तिच्यात जाणे सक्तीचे नसावे आणि ते केवळ नऊ मुलांपुरतेही नसावे. विशेष शिक्षिकेला रजेवरील शिक्षकांचे तास देऊ नयेत. आणि दर शनिवारी शेवटच्या तासाला तिने व वर्गशिक्षिकांनी एकत्र बसून पुढील आठवड्याचे पाठ आखावेत. ही शेवटची गोष्ट ठरावात सर्वांत किरकोळ दिसत होती, पण तीच सर्वांत अवघड ठरली. दोन शिक्षकांनी एकाच मुलाविषयी बोलण्यासाठी अर्धा तास एकत्र बसावे, अशी जागा शाळेच्या वेळापत्रकात पूर्वी नव्हतीच.

कामाला लागल्यावर जे बदलले ते अगदी बारीक होते. फळ्यावर लिहिलेले प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचण्याची सवय एका शिक्षिकेने लावून घेतली. ज्यांना लिहिण्याचा त्रास होता त्यांची चाचणी तोंडी झाली. तेव्हा, अक्षरे उलटी लिहिणारा एक मुलगा पाढ्यांत वर्गाच्या पुढे असल्याचे निष्पन्न झाले, आणि हे तीन वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. पाण्याच्या टाकीशेजारच्या खोलीत पूर्वी कधी न गेलेली मुले जाऊ लागली. त्यांत ओडिशाहून नुकताच आलेला, हिंदीचा गंध नसलेला एका रेल्वे कर्मचाऱ्याचा मुलगा होता. त्याच्यापाशी कसलेही प्रमाणपत्र नव्हते.

प्रमाणपत्राविषयी येथे दोन शब्द लिहिणे भाग आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्यावाचून पुष्कळशा सवलती मिळत नाहीत. एकोणचाळीस टक्के पांगळ्या मुलाला जिना कमी उंच लागतो असे नाही. तथापि फाइलीला कोठेतरी रेघ ओढावीच लागते, हे आम्ही जाणतो. नैतिक पेच तिच्याही पलीकडचा आहे. मुलाला नाव दिल्यावाचून त्याला मदत मिळत नाही, आणि नाव दिले की ते नाव त्याच्या आधी वर्गात पोहोचते. 'मतिमंद' हा शब्द एके काळी सौजन्याने वापरला जाई. पुढे तो शिवीसारखा झाला. 'अपंग' गेला, 'दिव्यांग' आला. शब्द बदलण्यामागील भावना आम्ही कमी लेखीत नाही, पण आईबाप कागद करून घेण्यास वर्षानुवर्षे टाळाटाळ करतात ती शब्दाच्या भीतीने नव्हे. कागद झाल्यावर शाळा मुलाकडून अपेक्षाच ठेवणार नाही, याचे भय त्यांना असते. आणि ते निराधार नाही: पाचवीपर्यंत कोऱ्या वह्यांनिशी वर चढविलेली मुले आम्ही पाहिली आहेत, आणि ती वर चढविताना सर्वांना आपण उदार आहोत असेच वाटत होते. मऊ भात देणे निराळे, आणि पानावर काहीच न वाढता 'याला चावता येत नाही' असे म्हणून पुढे जाणे निराळे.

तिसरीतील त्या मुलाला वर्गात कोणी हसले की नाही? हसले. पहिल्या पंधरवड्यात दोनदा हसले. शिक्षिकेने शिक्षा केली नाही. तिने वाचनाचा तास असा बदलला की, प्रत्येकाने आपल्या गतीने एकेकच वाक्य वाचावे, आणि कोणी मध्ये बोलल्यास ते वाक्य त्या बोलणाऱ्यानेच पुन्हा पहिल्यापासून वाचावे. हसणे थांबले, ते सद्भावनेने थांबले की कंटाळ्याने, हे शोधण्याची गरज कोणाला वाटली नाही. मुलगा आता सोमवार आणि गुरुवार खोलीत जातो, बाकीचे दिवस वर्गात बसतो. कोणते दिवस, ते त्यालाच विचारून ठरले.

परंतु याच व्यवस्थेत एक मुलगी अशीही आहे जिच्यासाठी यांतील काहीच पुरले नाही. ती चौथीत आहे आणि जन्मतः तिला ऐकू येत नाही. तिची वही वर्गात सर्वांत स्वच्छ. फळ्यावरचे ती मोत्यासारख्या अक्षरात उतरवून घेई, आणि समितीला दाखविण्यासाठी मुख्याध्यापिकाबाईंनी तिची वही आणली होती. विशेष शिक्षिकेने खुणेने तिला एका धड्याविषयी विचारले, तेव्हा उमगले की जे लिहिले आहे त्यातील जवळजवळ कशाचाच अर्थ तिला ठाऊक नाही. तिच्याशी बोलू शकणारे त्या इमारतीत दुसरे कोणी नव्हते. विशेष शिक्षिकेलाही खुणांची भाषा येत होती ती एका छोट्या अभ्यासक्रमापुरती. सालामांकाच्या निवेदनासोबतच्या आराखड्यातही, ज्या मुलांना ऐकू येत नाही त्यांना निराळी शाळा वा निराळे वर्ग अधिक योग्य ठरू शकतील, असे मान्य केलेले आहे. कारण भाषा ही एकट्याने शिकण्याची वस्तू नव्हे. या मुलीला सर्वांच्या पंगतीत बसविण्याचा आग्रह धरला, तर तिला जे खरोखर वाढावयास हवे ते या पंगतीत कोणापाशीच नाही. तिला आपल्यासारखी दुसरी मुले हवीत.

अशा मुलांची शाळा या शहरात नाही. दोनशे किलोमीटरांवरील मोठ्या शहरात आहे. तिचे वडील एका केंद्रीय कार्यालयात कनिष्ठ लिपिक आहेत. दिव्यांग मुलाचा सांभाळ करणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सूट मिळू शकते, असा आदेश २०१४ पासून आहे. त्याचा हेतू स्तुत्य आहे, परंतु त्यात गृहीत धरले आहे ते हे की, अशा कुटुंबाला आहे तेथेच राहावयाचे असते. या गृहस्थांना जावयाचे आहे. त्यांचा अर्ज 'नियमात बसत नाही' असा शेरा होऊन एकदा परत आला. मुख्याध्यापिकाबाईंनी मुलीच्या वहीची दोन पाने आणि विशेष शिक्षिकेची टिपणी जोडून तो पुन्हा करून दिला आहे. समितीच्या सभासदांनी त्यावर सह्या केल्या. त्या तिसरीतील मुलाच्या आईनेही केली. सध्या तो अर्ज विभागीय कार्यालयात आहे, आणि मुलगी रोज शाळेत येऊन फळ्यावरचे उतरवून घेते.